कोवळ्या मॉल्टची पारख

पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, 1915 साली, ब्रिटनच्या संसदेने व्हिस्कीसंबंधी एक कायदा केला. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतील कामावर दारूमुळे परिणाम होतो, अशी ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्ज यांची खात्री होती आणि त्यांना मद्यावर कडक निर्बंध हवे होते. त्या ओढाताणीतून निघालेल्या तडजोडीने असे ठरवले की, किमान दोन वर्षे साठवणीत राहिल्याशिवाय व्हिस्की विकता येणार नाही. पुढच्याच वर्षी ही मुदत तीन वर्षांची झाली आणि स्कॉच व्हिस्कीला आजही तीच अट लागू आहे. तीन हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नसून युद्धकाळातील राजकारणातून आलेला आहे, हे मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगतो, कारण पुण्यात चार रसिक एकत्र बसले आणि सिंगल मॉल्टचा विषय निघाला की पहिला प्रश्न वयाचाच होतो. बारा वर्षांची बाटली चांगली, अठरा वर्षांची त्याहून चांगली आणि वयाचा उल्लेखच नसलेली संशयास्पद, असा समज पक्का बसलेला आहे. वय हे काळाचे माप आहे, परिपक्वतेचे नव्हे; आणि तीन ते सहा वर्षांच्या कोवळ्या मॉल्टकडे नीट लक्ष दिले, तर व्हिस्की कशी घडते हे जितके स्पष्ट कळते, तितके जुन्या मॉल्टमधून कळत नाही, असे माझे मत आहे.

सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून, तांब्याच्या भट्टीत गाळलेली व्हिस्की. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल काढतात आणि भारतात व्हिस्की या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त मद्यात त्याचा वाटा मोठा असतो. सिंगल मॉल्टचा त्याच्याशी संबंध नाही. सातू भिजवून मोड आणले की दाण्यात विकरे तयार होतात आणि ती पुढे स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. मोड वाळवून, भरडून, गरम पाण्यात कालवून गोड रस काढायचा, त्यात यीस्ट घालून तो दोन-चार दिवस आंबवायचा आणि साधारण 8 टक्के अल्कोहोलचे ते आंबवण दोनदा गाळायचे, की 70 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेला, पाण्यासारखा रंगहीन द्रव हाती येतो.

या रंगहीन द्रवाला व्हिस्की म्हणता येत नाही, पण त्याला वास मात्र भरपूर असतो. आंबवताना यीस्ट केवळ अल्कोहोल तयार करत नाही. ते एस्टर नावाची संयुगेही तयार करते आणि फळांचे बरेचसे वास याच एस्टरांचे असतात. आयसोअमाइल अॅसिटेट या एस्टरचा वास पिकलेल्या केळ्यासारखा येतो, तर इथाइल हेक्झॅनोएटचा सफरचंदासारखा. आंबवण्याला जास्त दिवस दिले तर फळांचे वास वाढतात, लवकर आटोपले तर धान्याचा वास पुढे राहतो. यांच्या जोडीला गंधकाची काही संयुगेही असतात, ज्यांचा वास उकडलेल्या कोबीसारखा किंवा विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा असतो. भट्टी तांब्याची असण्याचे कारण इथे आहे. गरम वाफ तांब्याला लागली की गंधकाची संयुगे त्याच्याशी क्रिया करून बऱ्याच प्रमाणात बाजूला होतात. तरीही काही अंश उरतोच, आणि कोवळ्या मॉल्टमध्ये तो सर्वांत आधी नाकाला जाणवतो.

पुढचे काम पिंपाचे. स्कॉटलंडच्या नियमांनुसार ते ओकच्या लाकडाचे आणि 700 लिटरपेक्षा मोठे नसावे लागते. सर्वाधिक वापर अमेरिकेतून आलेल्या, सुमारे 200 लिटरच्या जुन्या बर्बन पिंपांचा होतो, कारण बर्बन या अमेरिकन व्हिस्कीसाठी आतून जाळलेले नवे ओक पिंपच वापरण्याचा अमेरिकेत कायदा आहे आणि एकदा वापरलेली पिंपे तेथील उत्पादकांना त्याच कामासाठी पुन्हा वापरता येत नाहीत. पिंपात एकाच वेळी तीन कामे चालू असतात. पहिले काम काढून घेण्याचे. पिंपाच्या आतल्या बाजूला जळून झालेला कोळशाचा थर गंधकाची संयुगे शोषून घेतो. दुसरे काम देण्याचे. लाकडातील लिग्निन उष्णतेने तुटून व्हॅनिलिन तयार होते, म्हणजे आइस्क्रीममध्ये आपल्याला माहीत असलेला व्हॅनिलाचा वास. हेमिसेल्युलोजपासून साखर करपवल्यासारखे गोडसर वास येतात. ओक लॅक्टोन ओल्या खोबऱ्याचा वास देते, युजेनॉल लवंगेचा, आणि टॅनिनमुळे जिभेवर तुरटपणा येतो. रंगही मुख्यतः इथूनच येतो. तिसरे काम सर्वांत संथ आहे. लाकडातून हवा अगदी थोडी थोडी आत झिरपते, तिच्यातील ऑक्सिजनमुळे अल्कोहोलचा काही भाग अॅसिटाल्डिहाइड व अॅसिटिक आम्लात बदलतो, त्या आम्लांची अल्कोहोलशी गाठ पडून नवे एस्टर तयार होतात, आणि सुरुवातीचे एकेकटे, टोकदार वास हळूहळू एकमेकांत मिसळतात.

आता हवामानाचा प्रश्न येतो, आणि भारतीय वाचकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. पिंपातून बाष्पीभवनाने होणाऱ्या घटीला स्कॉटलंडमध्ये देवदूतांचा वाटा म्हणतात. तिथे ती वर्षाला साधारण 2 टक्के असते. बंगळुरूसारख्या ठिकाणी ती 10 ते 12 टक्क्यांपर्यंत जाते. हिशेब करून पाहावा. 200 लिटरच्या पिंपात दरसाल 2 टक्के घट धरली तर बारा वर्षांनंतर सुमारे 157 लिटर उरतात. घट 10 टक्के धरली तर पाच वर्षांतच 118 लिटर उरतात आणि बारा वर्षांनंतर जेमतेम 56. बंगळुरूच्या जगदाळे कुटुंबाच्या अमृत डिस्टिलरीने 2004 साली आपली सिंगल मॉल्ट थेट ग्लासगोत नेऊन बाजारात आणली, तेव्हापासून भारतीय मॉल्ट बहुतेक वेळा चार-पाच वर्षांतच बाटलीत का भरली जाते, याचे उत्तर या गणितात आहे. याच डिस्टिलरीने आठ वर्षे राखलेल्या मोजक्या बाटल्यांना ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, असे नाव दिले.

इथे एक सोपे समीकरण नेहमी ऐकू येते: उष्ण प्रदेशातील एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडमधील तीन वर्षे. मला ते दिशाभूल करणारे वाटते. उष्णतेमुळे लाकडातून रंग, व्हॅनिलिन आणि टॅनिन द्रवात उतरण्याचा वेग खूप वाढतो, पण पिंपातील सगळी कामे त्याच पटीने वेगवान होत नाहीत. हवेच्या संथ झिरपण्यावर अवलंबून असलेले तिसरे काम मागे राहते. त्यामुळे पाच वर्षांची भारतीय मॉल्ट ही पंधरा वर्षांच्या स्कॉचची घाईने काढलेली नक्कल नसते. तिच्यात लाकूड वयाच्या पुढे गेलेले असते आणि धान्य वयाइतकेच कोवळे असते. ही जोडी थंड प्रदेशात सहसा जुळून येत नाही. गोव्याची पॉल जॉन 2012 साली बाजारात आली, तैवानच्या कवालान डिस्टिलरीच्या एका मॉल्टला 2015 साली वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातील सर्वोत्तम सिंगल मॉल्टचा मान मिळाला. या मॉल्टचे कौतुक करायचे तर त्यांच्या या स्वतंत्र स्वभावासाठी करावे.

हा फरक नाकाने ओळखायचा असेल तर चाखण्याची पद्धत काटेकोर हवी. मद्य न पिणाऱ्या वाचकाने या लेखामुळे सुरुवात करावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. अल्कोहोलयुक्त पेये कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहेत, आणि महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी किमान वय 25 वर्षे असून परवानाही लागतो. सुदैवाने, तुलनेचे नव्वद टक्के काम नाकच करते असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच मूळ चवी कळतात. वासासाठी माणसाच्या नाकात सुमारे 400 प्रकारचे ग्राही असतात. व्यावसायिक ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतील व्हिस्की पारखून मिसळणारे तज्ज्ञ, दिवसभरात कितीतरी नमुने केवळ हुंगून पारखतात. आम्हीही घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतो, त्यासाठी प्रत्येकाशेजारी एक रिकामा तांब्या असतो.

पुण्यात पहिली अडचण तापमानाची आहे. तापमान 20 अंशांवरून 30 अंशांवर गेले की अल्कोहोलचा बाष्पदाब सुमारे पावणेदोन पट होतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पेला नाकाजवळ नेला तर झिणझिण्या आणणारे अल्कोहोलच आधी येते आणि बाकीचे वास त्याच्या आड जातात. आमच्या कोथरूडच्या घरी आम्ही चौघे मित्र ही तुलना डिसेंबर-जानेवारीत, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास करतो. तेव्हा नाक ताजे असते आणि खोली थंड असते. पेला तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास वरच्या पोकळीत साठून राहतो.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि तिच्याविषयी आपल्याकडे उगाच संकोच दिसतो. मॉल्टमध्ये पाणी घालणे म्हणजे तिचा अपमान, असे मानणारे अनेक जण मला भेटले आहेत. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी 2017 साली संगणकीय प्रारूपांच्या साहाय्याने दाखवून दिले की, धुरकट वास देणारे ग्वायाकॉल हे संयुग अल्कोहोलचे प्रमाण 45 टक्क्यांपर्यंत असताना द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहते. प्रमाण 59 टक्क्यांच्या वर गेले की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढतात आणि ते आत खेचले जाते. पृष्ठभागाजवळचा रेणूच हवेत आणि नाकात जाणार, हे उघड आहे. ब्लेंडर तर नमुने बहुधा 20 टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात; 46 टक्क्यांच्या 15 मिलिलिटर मॉल्टसाठी त्याला सुमारे 20 मिलिलिटर पाणी लागते. बोअरचे क्षारयुक्त पाणी टाळावे, आणि नळाचे पाणी क्लोरीनचा वास जाण्यासाठी उकळून, उघडे ठेवून गार करून घ्यावे.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. फ्रान्समधील बोर्दो येथे पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती मद्यशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना दिली गेली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केले; हा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. स्कॉचमध्ये रंगासाठी साधे कॅरॅमल घालण्याची मुभा आहे, म्हणजे गडद रंग हा वयाचा पुरावा होऊ शकत नाही. आम्ही पेल्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळतो आणि तिहेरी चाचणी घेतो: तीन पेले, त्यांपैकी दोन एकाच मॉल्टचे आणि एक वेगळ्या मॉल्टचा, आणि वेगळा पेला ओळखायचा. केवळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता दर वेळी एक तृतीयांश असते. सहा फेऱ्यांत पाच किंवा सहा उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता 2 टक्क्यांहून कमी असते; चार किंवा अधिक येण्याची मात्र 10 टक्के.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बर्बन पिंपातील एक कोवळी भारतीय मॉल्ट आणि तशाच पिंपातील बारा वर्षांची स्कॉच या चाचणीत समोरासमोर ठेवल्या. दोघांनी सहापैकी पाच वेळा फरक ओळखला, एकाने तीन वेळा आणि मी चार वेळा. म्हणजे मला फरक कळतो, असे माझ्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पण यांतील अधिक जुनी कोणती, असे नंतर विचारले तेव्हा चौघांनीही भारतीय मॉल्टकडे बोट दाखवले. सगळ्यांचे कारण एकच होते: खोबरे, लवंग आणि तुरटपणा. आम्ही लाकूड ओळखले होते आणि त्याला वय समजलो होतो.

वासांना नावे देण्यासाठी आम्ही परदेशी शब्दसूची बाजूला ठेवली आहे. हीदर किंवा गूजबेरी ज्याने कधी हुंगलेली नाही, त्याला त्या शब्दांचा उपयोग नाही. त्याऐवजी मंडईत जाऊन वेलची केळे, अर्धवट पिकलेला पेरू, फणसाचा गरा आणि मार्केट यार्डातील गूळबाजारात नवा-जुना गूळ, काकवी लक्षपूर्वक हुंगावी, कारण वासाची स्मृती अशीच तयार होते. कोवळ्या मॉल्टमध्ये मला सर्वांत आधी भिजवलेल्या कणकेचा व पावसात भिजलेल्या खळ्याचा वास येतो, त्यामागून केळे. चांगल्या पिंपातील असेल तर कॅम्पातील बेकरीतल्या श्रुजबेरी बिस्किटांचा लोण्याचा वास. पीटच्या, म्हणजे दलदलीत वनस्पती कुजून तयार झालेल्या जळणाच्या, धुरावर वाळवलेल्या सातूची मॉल्ट कोवळेपणी विशेष उठून दिसते, कारण धुरातील फिनॉले वर्षागणिक सौम्य होत जातात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील किल्होमन डिस्टिलरी 2005 साली सुरू झाली आणि 2009 साली तिने तीन वर्षांची मॉल्ट विकायला काढली. अशा मॉल्टमध्ये होळीच्या दुसऱ्या दिवशीची राख, दवाखान्यातील जंतुनाशक आणि त्यांखाली ओला सातू असे तिन्ही थर वेगवेगळे सापडतात. दोन पेल्यांच्या मध्ये नाक थकले तर आपल्याच सदऱ्याच्या बाहीचा वास घ्यावा. नाकाला तो सवयीचा असल्याने मूळपदावर येणे सोपे जाते.

पेले लगेच धुऊ नयेत. रात्रभर उघडे ठेवले की अल्कोहोल आणि हलके एस्टर उडून जातात व जड संयुगांचा पातळ थर तळाशी उरतो. त्या दिवशी वापरलेले पेले मी दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगले. बारा वर्षांच्या स्कॉचच्या पेल्यात मधासारखा, कशाचाच म्हणून वेगळा न काढता येणारा वास होता. भारतीय मॉल्टच्या पेल्यात सुताराच्या दुकानातील ताज्या भुशाचा वास होता, आणि पेल्यात थोडे कोमट पाणी फिरवल्यावर त्याच्या आडून सातूचे ओले पीठ अगदी स्पष्ट वर आले.