याचिका कोर्टात की संसदेत?

ऐरोलीत आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर सध्या सह्यांचा कागद फिरतोय. मागणी एकच, रेल्वे तिकिटातली ज्येष्ठ नागरिकांची सवलत पुन्हा सुरू करा. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. तोवर पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के सूट होती. पेन्शनीवर घर चालवून कोकणकन्येने गावी जाणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. कागदाच्या माथ्यावर ‘याचिका’ लिहिलंय, म्हणून सही करताना जो तो विचारतो, “तारीख कधीची?”

ही याचिका तारखेची नाही. कोर्टातली याचिका म्हणजे हक्क मोडला गेल्याची तक्रार. राज्यघटनेच्या कलम ३२ ने सर्वोच्च न्यायालयात, २२६ ने उच्च न्यायालयात जाता येतं, आणि आदेश झाला की सरकारला पाळावाच लागतो. आपल्या खाडीकाठाला त्याचा आधार आहे. खारफुटीची कत्तल म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं. पण तिकिटातली सवलत पडली सरकारी धोरणात. त्यामुळे तिच्यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये फेटाळली. हे सरकारने ठरवायचं, असं सांगून.

धोरण बदलून हवं असेल तर संसदेचं दार. तिथली याचिका सभागृहाला उद्देशून असते. वकील लागत नाही. भाषा संयत हवी, शेवटी नेमकी प्रार्थना, म्हणजे मागणी, हवी, खाली नाव, पत्ता, सही. लिहिता न येणाऱ्या आजीचा अंगठाही चालतो. मराठीत लिहिलीत तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. लोकसभेच्या याचिका समितीत १५ खासदार असतात, मंत्री एकही नाही. ही समिती खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते आणि शिफारस करते.

“नुसती शिफारस?” इथेच माणसं नाउमेद होतात. मला ते पटत नाही. माजी सैनिकांची ‘वन रँक वन पेन्शन’ची, म्हणजे निवृत्ती कधीही झाली तरी सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखं पेन्शन देण्याची मागणी अशाच याचिकेतून राज्यसभेच्या समितीपुढे गेली. भगतसिंह कोश्यारी, म्हणजे पुढे आपले राज्यपाल झाले तेच, तेव्हा अध्यक्ष होते. डिसेंबर २०११ मध्ये समितीने मागणी उचलून धरली, नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारी आदेश निघाला. समितीने म्हटलं तसं सगळं मिळालं नाही म्हणून माजी सैनिक कोर्टात गेले, तर २०२२ मध्ये तिथे सरकारचंच धोरण टिकलं.

एक सांभाळा. कोर्टात चालू असलेला विषय संसद याचिकेत घेत नाही. आणि पाणी, सिडको असे राज्याचे विषय दिल्लीला पाठवू नका. त्यासाठी विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे.

आमच्या कागदावर अजून ‘न्याय मिळावा’ एवढंच लिहिलंय. कोणत्या वयापासून, कोणत्या डब्यासाठी, किती टक्के, हे येत्या रविवारी बसून लिहायचं आहे.