मराठी गाणं सहा तारांवर : सोलो गिटारच्या मांडणीची पार्श्वभूमी

पुण्यात क्लासिकल गिटार शिकणारी मुलं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षांसाठी सोर, ज्युलियानी, तारेगा या जुन्या गिटार-संगीतकारांच्या रचना बसवतात. घरी पाहुणे आले की फर्माईश मात्र ओळखीच्या गाण्याची होते. मग परीक्षेचं ते खरं संगीत आणि फर्माइशीचं ते करमणुकीपुरतं, अशी वाटणी मनात पक्की होते. गिटारच्या इतिहासात या वाटणीला फारसा आधार नाही.

मावरो ज्युलियानी (१७८१–१८२९) यांच्या गाजलेल्या सहा ‘रॉसिनियाने’ रचना, ऑपस (रचना-क्रमांक) ११९ ते १२४, रॉसिनीच्या ऑपेरांतल्या चालींवर उभ्या आहेत. त्या काळी लोकांच्या ओठांवर असलेलं संगीत तेच होतं. सोरची सर्वांत जास्त वाजवली जाणारी रचना (ऑपस ९, १८२१) मोझार्टच्या ऑपेरातल्या एका चालीवरची आहे. तारेगांनी शोपँ, मेंडेल्सझोन गिटारवर आणले आणि त्यांचे शिष्य मिगेल योबेत यांनी कातालान लोकगीतं. योबेतची ती पानं आजही शिकण्यासारखी आहेत: चाल साधी, पण खालचे स्वरमेळ तिला दर ओळीला वेगळी छटा देतात.

विसाव्या शतकात स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियांनी गिटारला मोठ्या सभागृहात मानाची जागा मिळवून दिली, ती बाखच्या रचना आणि नव्या संगीतकारांकडून लिहून घेतलेल्या कृतींच्या बळावर. लोकप्रिय गाणं त्या काळात मागे पडलं. ते पुन्हा पुढे आणणाऱ्यांत जपानचे तोरू ताकेमित्सू मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. १९७७ च्या त्यांच्या ‘गिटारसाठी १२ गाणी’ या संचात चार गाणी बीटल्सची आहेत. चालीला हात न लावता त्यांनी भोवतालचे स्वरमेळ नव्याने विणले. पुढे फ्रान्सच्या रोलाँ दियाँस यांनी फ्रेंच गाण्यांवर असंच जीव ओतून काम केलं.

आपल्याकडे शब्दांवाचून गाणं ऐकण्याची सवय जुनीच. नाट्यपदं हार्मोनियमवर सोलो वाजत आली, विसर्जन मिरवणुकीत बँडवर गाणी वाजत आली. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी ॲकॉर्डियनवर चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड्स काढल्या. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांची गिटार रेडिओवर घरोघर पोचली. पण ती गिटार स्टीलच्या तारांची. हवाईयन पद्धतीत ती आडवी ठेवून तारांवरून धातूचा बार सरकवतात, त्यामुळे मींड सहज येते. शिवाय साथीला ताल आणि वाद्यवृंद असतो. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार यात वेगळी पडते: चाल, आधारस्वर आणि लय, तिन्ही एकाच माणसाच्या बोटांतून यायला हवीत.

खरी अडचण इथेच आहे. बीटल्सच्या गाण्यात कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरमेळ, मुळातच असतात. भावगीताचा जन्म रागाच्या अंगाने झालेला, म्हणून कॉर्ड्स मांडणाऱ्याला ठरवाव्या लागतात. गीतरामायणाचंच उदाहरण घ्या. पुणे आकाशवाणीने १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर गदिमा आणि सुधीर फडके यांची ही ५६ गीतं प्रसारित केली. त्यातलं पहिलं गीत भूप रागातलं. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. गाणं षड्जावर आणून सोडायला गिटारवाले हमखास वापरतात ती पंचमावरची सेव्हन्थ कॉर्ड म्हणजे प-नी-रे-म, म्हणजे दोन्ही वर्ज्य स्वर एकदम आत! रागात पूर्ण बसणाऱ्या तीन स्वरांच्या नेहमीच्या कॉर्ड्स दोनच उरतात: सा-ग-प आणि ध-सा-ग.

पुस्तकी कॉर्ड्स लावून चाल दामटण्यापेक्षा अशा वेळी गिटारच्या सुट्या तारांकडे पाहावं. सहावी तार ई या पाश्चात्त्य स्वरावरून डी ला उतरवली आणि डी हा षड्ज धरला, की खालच्या तीन तारा सा-प-सा लागतात आणि तानपुऱ्यासारखा भरणा मिळतो. दुसरी तार बी म्हणजे धैवत, पहिली ई म्हणजे रिषभ, दोन्ही भूपातले. घात करते ती तिसरी तार. जी म्हणजे शुद्ध मध्यम. ती चुकून सुटी वाजली की भूप गेलाच. म्हणून तिच्यावर दुसऱ्या फ्रेटला (दांडीवरच्या पट्टीला) बोट ठेवून पंचम घ्यायचा, नाहीतर उजव्या हाताने ती तार टाळायची.

लांब स्वरांचा प्रश्न उरतोच. फडक्यांचा आवाज जिथे स्वरावर थांबतो तिथे गिटारचा स्वर विरत जातो. तारेगांच्या पद्धतीचा ट्रेमोलो, म्हणजे एकच स्वर बोटांनी भराभर पुन्हा पुन्हा छेडणं, इथे कामी येतो, पण पूर्ण गाणं त्यावर रेटलं तर कान थकतात. मुखड्याच्या शेवटच्या ठहरावापुरता तो शोभतो. मींड एकाच तारेवर बोट घसरवून घ्यावी. नायलॉनची तार ओढून मिळणारा स्वर फार लांब जात नाही.

आणि कडवी. गीतरामायणातल्या अनेक गीतांना कडवी भरपूर आहेत. गाताना दर कडव्याला शब्द कथा पुढे नेतात; गिटारवर तीच चाल तशीच परत येते. मुखडा आणि दोन कडवी घ्यावीत, दुसरं कडवं खालच्या सप्तकात अंगठ्याने वाजवावं आणि वरच्या तारांवर नुसता रिषभ-धैवत हलका ठेवावा.