चार सेलांच्या जागी

वडिलांचा चार सेलांचा ट्रान्झिस्टर रेडिओ मी पहिल्यांदा मोबाइलच्या चार्जरवर लावला, तेव्हा पुणे केंद्र गायब झालं. काटा ७९२ किलोहर्ट्झवरच होता, पण बातम्यांच्या जागी नुसती करकर. चार्जर काढून सेल घातले की केंद्र पुन्हा स्वच्छ. व्होल्टेजचा हिशेब तर बरोबर होता. चार मोठ्या सेलांचे ६ व्होल्ट होतात, आणि सेल उतरत उतरत ४ व्होल्टांवर आले तरी असे सेट बोलत राहतात. मग चार्जरचे ५ व्होल्ट न पुरायला काय झालं?

ते पुरत होतेच. अडचण होती ती हे ५ व्होल्ट तयार होण्याच्या रीतीत. आजचा हलका चार्जर विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडतो आणि ते जोडून सपाट डीसी करतो. हा वेग अनेक चार्जरांत ६५-६६ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. अशा झटक्याच्या चालू-बंदमधून मूळ वेगाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनंही निघतात. ६६ ची बारावी पट काढून बघा: बरोबर ७९२! मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा, आणि त्यात ६६ च्या सोळा पटी बसतात. वायरीतून न शिरलेली करकर हवेतून शिरते, कारण सेटमधली फेराइटची कांडी म्हणजे मध्यम लहरींचा अँटेनाच. चार्जर दूर नेला किंवा सेट थोडा फिरवला आणि करकर कमी झाली, तर ती हवेतून येते आहे असं समजावं.

पॉवर बँक ही तर बॅटरीच, मग ती का नको? तिच्या आतला लिथियम सेल ३.७ व्होल्टांचा असतो आणि त्याचे ५ करायला तिथेही तेच तुकडे पाडणारं सर्किट लागतं. शिवाय हळू आवाजात सेट जेमतेम २०-३० मिलिअँपिअर घेतो. एवढा कमी प्रवाह पाहून बऱ्याच पॉवर बँका मोबाइल भरला असं समजतात आणि आपणहून बंद होतात.

सेलांऐवजी घरच्या विजेवर सेट चालवणारा, ट्रान्सफॉर्मरचा जुना, जड एलिमिनेटर या बाबतीत खूपच शांत. त्याचा दोष म्हणजे घूंऽऽ असा आवाज. आपली वीज ५० हर्ट्झची; एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या चार डायोडांतून गेल्यावर तिच्या सेकंदाला १०० उसळ्या होतात, आणि दोन उसळ्यांमधले १० मिलिसेकंद वीज साठवणाऱ्या कंडेन्सरला सेट सांभाळावा लागतो. कंडेन्सर १००० मायक्रोफॅरडचा आणि सेटचा भार १०० मिलिअँपिअरचा असेल, तर तेवढ्यात व्होल्टेज जवळजवळ १ व्होल्टाने उतरतं. ६ व्होल्टांच्या सेटला हा हेलकावा फार झाला. कधी मात्र हे घुमणं केंद्र लागल्यावरच ऐकू येतं, दोन केंद्रांच्या मध्ये अजिबात नाही. अशा वेळी डायोड हे कारण असू शकतं. ते उघडझाप करताना वायरीतून फिरणाऱ्या रेडिओलहरींनाही त्याच तालावर कमी-जास्त करतात. प्रत्येक डायोडला ०.०१ मायक्रोफॅरडचा चकतीचा कंडेन्सर समांतर जोडला की बहुतेक वेळा ते थांबतं. आणि ६ व्होल्ट लिहिलेला साधा एलिमिनेटर भार नसताना ८-९ व्होल्टही देतो, तेव्हा आधी मल्टिमीटर लावून बघावं.

मला स्वतःला पटलेला मार्ग १२ व्होल्टांच्या बॅटरीचा. भारनियमनाच्या वर्षांत कितीतरी घरांत इन्व्हर्टर आले, आता शेतघरांवर सोलर आहे. चार्जिंग चालू नसेल तेव्हा त्या बॅटरीचा डीसी सेलाइतकाच शांत असतो. फक्त १२ चे ६ करायचे. इथे पुष्कळ जण एक रेझिस्टन्स टाकून मोकळे होतात: ३० मिलिअँपिअरला ६ व्होल्ट पाडायचे, म्हणजे २०० ओहम. पण सेटचा प्रवाह एकसारखा नसतो. शेवटच्या टप्प्यातले दोन ट्रान्झिस्टर आवाजाची लाट अर्धी-अर्धी वाटून घेतात, आणि शांततेत जवळजवळ झोपलेले असतात. आवाज वाढवला की प्रवाह तिप्पट-चौपट हवा असतो. तो २०० ओहमांतून मिळत नाही; तबल्याच्या थापेसरशी व्होल्टेज कोसळतं आणि आवाज फाटतो. उलट आवाज अगदी बंद केला आणि प्रवाह १० मिलिअँपिअरवर आला, की सेटवर १० व्होल्ट चढतात. ताजा मोठा सेल ही चढ-उतार सहज पेलतो, कारण त्याचा अंतर्गत रोध एका ओहमाहूनही कमी असतो. ही कुवत व्होल्टेज ६ वर स्थिर धरणाऱ्या ७८०६ या तीन पायांच्या रेग्युलेटरात आहे. १०० मिलिअँपिअरला त्यात ०.६ वॉट उष्णता होते, तेवढी तो सोसतो. त्याच्या पायांशी ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर मात्र हवेतच.

जोडण्याआधी अधिक-वजा तपासा, दोनदा तपासा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या काळातल्या अनेक सेटांत ओसी ७१, ओसी ७२ असे पीएनपी (वजा पुरवठ्यावर चालणारे) ट्रान्झिस्टर असतात आणि चेसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, अधिक टोक जोडलेलं असतं. आजच्या सवयीने चेसी म्हणजे वजा असं धरून मी एका स्नेह्यांच्या सेटची शेवटची जोडी जाळली, त्याचं आजही वाईट वाटतं. वायरीत एक १एन५८१९ डायोड टाकला असता तर ती वाचली असती; त्यात व्होल्टेज जातं ते ०.३ च्या आसपास. अधिक टोक चेसीला असलेला सेट जीपमध्ये लावायचा तर आणखी जपावं लागतं. गाडीचा सांगाडा वजा असतो, आणि सेटची चेसी त्याला टेकली की थेट शॉर्ट.

ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या सेटांना यातलं काही लागू नाही. त्यांना ९० व्होल्ट किंवा त्याहून जास्त लागतात, आणि काहींच्या चेसीवर घरातली वीज खेळत असते. ते जाणकाराकडेच द्यावेत.

बाहेरची पिन घातली की सेलांची वाट तोडणारं सॉकेट मिळतं. तसं नसेल तर बाहेरचा प्रवाह सेलांत घुसतो आणि ते फुगून गळतात. पण त्या सॉकेटसाठी कॅबिनेटला भोक पाडावं लागतं, आणि ते मला करवत नाही. मी सुताराकडून ३४ मिलिमीटर जाड, ६१ मिलिमीटर लांब असे चार लाकडी सेल करून घेतले. सेटच्या दोन टोकांना टेकणाऱ्या सेलांवर पितळी स्क्रू बसवला आणि त्याला वायर सोल्डर केली. उरलेले दोन फक्त जागा भरतात. वायर झाकणाच्या फटीतून बाहेर येते. सेट गावाला न्यायचा झाला की लाकूड काढायचं आणि सेल घालायचे.