भीती दाखवलीत, पण जायचं कुठे ते सांगितलंत का?

माणसाला पटवायला तर्क, विश्वासार्हता आणि भावना ही तीन साधनं लागतात, हे अॅरिस्टॉटलने सांगून ठेवलंय. पण तिघांची कामं वेगळी आहेत. तिन्ही भरपूर ओतली की माणूस पटतो, असं होत नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लशीची पत्रकं दिली (निष्कर्ष १९६५ साली छापले). काही पत्रकं अंगावर काटा आणणारी, काही सौम्य. भेदरलेले विद्यार्थी ‘लस घेणारच’ असं जास्त ठासून म्हणाले. प्रत्यक्ष टोचून घेण्यात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. फरक पाडला नकाशाने. काही पत्रकांत आरोग्यकेंद्राभोवती गोल केला होता, वेळा दिल्या होत्या आणि तुमच्या आठवड्यात कधी जमेल ते ठरवा, असं सुचवलं होतं. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले, बाकीच्यांतले जेमतेम ३. (केंद्र कुठे आहे हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना माहीत नसेल थोडंच!) भीतीचा मजकूर न देता नुसता नकाशा दिला, तेव्हा कुणीच गेलं नाही. म्हणजे भीती थोडी पुरते, पण लागते.

म्हणून ‘लसीकरण करून घ्या’ हे वाक्य कुचकामी. ‘मंगळवारी सकाळी ९ ते १२, प्राथमिक आरोग्य केंद्र, खोली क्र. ४; येताना जुनं कार्ड आणा’ हे कामाचं.

विश्वासार्हता लवकर विरते. हॉवलंड आणि वाइस या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये एकच लेख कधी भरवशाच्या, कधी संशयास्पद नावाने वाचायला दिला. लगेच विचारलं तेव्हा भरवशाच्या नावाने जास्त मतं वळवलेली दिसली. चार आठवड्यांनी तो फरक उरला नाही. मजकूर डोक्यात राहिला, नाव त्यापासून सुटलं. तेव्हा डॉक्टरांचं नाव आठवणीच्या निरोपातही पुन्हा घाला. आणि अफवेला ‘हे फेक आहे’ एवढंच उत्तर देऊ नका. त्यातला दावा का चुकीचा, तेही सांगा.

आकडे कुठे ठेवायचे तेही पाहा. देणगीच्या एका प्रयोगात (२००७) हाताशी असलेल्या ५ डॉलरपैकी एका मुलीची माहिती वाचून लोकांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, दुष्काळाची आकडेवारी वाचून १.१४. दोन्ही एकत्र दिल्यावर १.४३. आवाहनाच्या पहिल्या परिच्छेदात एकच माणूस असू द्या; तक्ते मागच्या पानावर, मागणाऱ्यासाठी.