व्याख्यान-प्रस्ताव (तंत्रज्ञान समुदायांच्या परिषदांसाठी)

सॉफ्टवेअर तंत्रज्ञांच्या एखाद्या समुदायाने स्वतःच्या बळावर भरवलेल्या परिषदेत भाषण करू इच्छिणाऱ्या व्यक्तीने आपल्या विषयाची रूपरेषा ठरलेल्या मुदतीत निवड समितीकडे लेखी सादर करण्याची रीत. पायथन व पर्ल या प्रोग्रामिंग भाषा, डेबियन ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली, वर्डप्रेस हे संकेतस्थळे बनवण्याचे साधन अशा मुक्त स्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांभोवती जमलेल्या समुदायांत ही रीत विशेष रुजली आहे. कंपनीने आपल्या उत्पादनासाठी भरवलेल्या परिषदेत व्यासपीठावर कोण येणार हे बहुधा कंपनीच ठरवते. समुदायाच्या परिषदेत मात्र संयोजक, परीक्षक आणि वक्ते हे बहुतांशी स्वयंसेवक असतात, आणि यंदाचा वक्ता पुढच्या वर्षी परीक्षकाचे काम करताना दिसणे नवलाचे नसते. प्रस्ताव मागवणाऱ्या जाहीर आवाहनाला तंत्रज्ञांच्या रोजच्या बोलण्यात ‘सीएफपी’ (कॉल फॉर प्रपोजल्स) म्हणतात. ज्याच्या मागे मोठ्या कंपनीचे नाव नाही, ज्याची संयोजकांशी ओळख नाही, अशा माणसालाही या आवाहनामुळे व्यासपीठ मागता येते, आणि या रीतीचे खरे मोल तेथेच आहे.

विद्यापीठीय परिषदांसाठी शोधनिबंध मागवण्याची पद्धत जुनी आहे. समुदायांनी तिचाच सांगाडा उचलला. तेथे पूर्ण लिहिलेला निबंध तपासला जातो, तर येथे काही परिच्छेदांवरून अजून न झालेल्या भाषणाचा अंदाज बांधावा लागतो. १९९९ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पर्लच्या वापरकर्त्यांनी व्यावसायिक परिषदांना स्वस्त पर्याय म्हणून आपली परिषद भरवली. २००१ मध्ये ब्रुसेल्स येथे पुढे ‘फॉसडेम’ या नावाने प्रसिद्ध झालेला मेळावा सुरू झाला, २००२ मध्ये बेल्जियममध्येच शार्लरुआ येथे पायथनची युरोपीय परिषद युरोपायथन आणि २००३ मध्ये वॉशिंग्टन येथे पहिली पायकॉन (पायथनची परिषद, जी पुढे पायकॉन यूएस म्हणून ओळखली गेली) झाली. भारतात २००१ पासून बंगळूर येथे भरणाऱ्या लिनक्स परिषदेने, जी पुढे ‘फॉस डॉट इन’ म्हणून ओळखली गेली, या संस्कृतीचा पाया घातला. पायकॉन इंडिया २००९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथम भरली आणि नंतर दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशा शहरांतही फिरली.

प्रस्तावाचे अंतरंग कसे असते हे पायकॉन इंडियाच्या उदाहरणावरून चांगले समजते. या परिषदेच्या स्वयंसेवकांनी प्रस्ताव स्वीकारण्यासाठी ‘जंक्शन’ नावाची प्रणाली पायथनमध्येच लिहिली व तिचा स्रोत खुला ठेवला. अनेक वर्षांचे प्रस्ताव तिच्यावरून आले. तिच्या अर्जात शीर्षक, सविस्तर वर्णन, श्रोत्यांना आधी काय येत असावे याची नोंद, स्लाइड किंवा कोडचे दुवे, वक्त्याचा परिचय आणि त्याच्या आधीच्या कामाचे दुवे असे रकाने असत; शिवाय विषय कोणत्या विभागात मोडतो आणि तो नवशिक्यांसाठी आहे, मध्यम पातळीचा आहे की मुरलेल्यांसाठी आहे, हेही सांगावे लागे. यांपैकी श्रोत्यांच्या पूर्वतयारीचा रकाना सर्वांत दुर्लक्षित राहतो. तेथे नुसते ‘पायथनचे मूलभूत ज्ञान’ असे लिहून पुढे जाणाऱ्या प्रस्तावकाने आपला श्रोता डोळ्यांसमोर आणलेला नाही, हे अनुभवी परीक्षकाच्या लगेच ध्यानात येते.

प्रस्ताव बहुतेक वेळा शीर्षकाशीच अडखळतो. ‘पायथनमधील मेमरी व्यवस्थापन’ हे शीर्षक घेतले, तर त्याखाली काय येणार याचा कोणालाच अंदाज येत नाही. अशा विषयावर सबंध पुस्तक होईल किंवा दहा मिनिटांत दस्तऐवजातील मजकूर वाचून दाखवता येईल. त्याऐवजी ‘दर रात्री पुन्हा सुरू करावा लागणारा सर्व्हर : ट्रेसमॅलॉकने लावलेला मेमरीगळतीचा छडा’ असे म्हटले (मेमरीगळती म्हणजे प्रोग्रामने घेतलेली मेमरी परत न सोडणे) की काम, साधन आणि शेवट तिन्ही दिसू लागतात. वर्णनात पुढे असे सांगता येते की ट्रेसमॅलॉक हे साधन पायथन ३.४ पासून भाषेसोबतच मिळते; चालू प्रोग्रामच्या मेमरीची दोन वेगवेगळ्या वेळी नोंद घेऊन त्यांची तुलना केली, की वाढलेली मेमरी कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीने मागितली हे कळते; आणि या प्रकरणात बोट एका मेथडवर कमाल आकाराची मर्यादा काढून लावलेल्या एलआरयू कॅशेकडे (आधीची उत्तरे पुन्हा वापरण्यासाठी साठवून ठेवणाऱ्या सोयीकडे) गेले, कारण तो कॅशे प्रत्येक ऑब्जेक्टला धरून ठेवत होता व ते कधीच मोकळे होत नव्हते. इतके लिहिल्यावर भाषणातील रहस्य फुटेल अशी भीती नवख्या प्रस्तावकांना वाटते आणि ते उत्तर हातचे राखून ठेवतात. ही भीती अनाठायी आहे. परीक्षकापासून उत्तर लपवले तर वक्त्याला ते सापडले आहे की नाही हेच त्याला कळत नाही. पुष्कळ परिषदा म्हणूनच छापील कार्यक्रमात जाणारा छोटा गोषवारा आणि केवळ परीक्षकांनी वाचायची टिपणे यांसाठी वेगळे रकाने ठेवतात.

तीस मिनिटांच्या भाषणाची मिनिटवार विभागणी देण्याची प्रथाही उपयोगी आहे. समस्येच्या मांडणीला पाच मिनिटे, साधनाच्या ओळखीला सात, प्रत्यक्ष शोधाला बारा आणि उरलेली प्रश्नोत्तरांना, असा हिशेब कागदावर मांडला की विषय वेळेत मावत नाही हे प्रस्तावकाला स्वतःलाच दिसते. परीक्षकांच्या शेऱ्यांत ‘आवाका फार मोठा आहे’ हा शेरा नेहमी आढळतो. आणखी एक पथ्य बहुतेक सर्वत्र पाळले जाते, ते म्हणजे भाषणाच्या आडून उत्पादन विकू नये. वर्डप्रेस समुदायाच्या वर्डकॅम्प या परिषदांमध्ये तर वक्ते व संयोजक हे वर्डप्रेसच्या जीपीएल परवान्याचे (सॉफ्टवेअर मुक्तपणे वापरू, बदलू व वाटू देणाऱ्या परवान्याचे) तत्त्व पाळणारे असावेत, अशी अटच असते.

निवडीच्या पद्धती परिषदेगणिक बदलतात. पायकॉन यूएससारख्या परिषदांत पहिल्या फेरीत प्रस्तावकाचे नाव झाकून केवळ मजकूर वाचला जातो आणि वक्त्याचा विचार नंतर होतो. याउलट जंक्शनवरील प्रस्ताव पहिल्या दिवसापासून सर्वांना दिसत. कोणीही नोंदणी करून त्यांना पसंती देऊ शके, खाली प्रश्न विचारू शके, आणि परीक्षकांच्या सूचनांनुसार प्रस्तावक मजकूर सुधारत जाई. नवख्या माणसाला गेल्या वर्षीचे निवडले गेलेले आणि नाकारले गेलेले प्रस्ताव शेजारी ठेवून वाचता येत, याहून चांगले शिक्षण या विषयात दुसरे नाही. मात्र जाहीर पसंतीत मोठ्या कार्यालयातील सहकारी एकमेकांना मते देतात व एकट्याने काम करणारा मागे पडतो, हा दोष उघड आहे. त्यामुळे पसंतीच्या आकड्यावर निवड सोपवणे योग्य नाही, त्याचा उपयोग कल समजण्यापुरताच करावा. युरोपायथनमध्ये समुदायाचे मतदान व कार्यक्रम समितीचा निर्णय यांची सांगड घालतात.

निवड निःपक्षपाती असणे पुरेसे नाही, कारण जो प्रस्ताव आलाच नाही तो निवडला जाण्याचा प्रश्नच येत नाही. पायकॉन यूएसमध्ये स्त्रियांनी दिलेल्या भाषणांचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे १ टक्का होते. २०१४ मध्ये माँट्रियल येथे भरलेल्या परिषदेत ते सुमारे एक तृतीयांशावर पोहोचले. हा बदल मुख्यतः मुदतीच्या आधी घडवला गेला. संयोजकांनी स्त्री तंत्रज्ञांना व्यक्तिशः पत्रे लिहून प्रस्ताव मागवले, आणि २०११ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेल्या, पायथन वापरणाऱ्या स्त्रियांच्या पायलेडीजसारख्या गटांनी विषय सुचवण्यापासून मसुदा वाचून देण्यापर्यंत मदत केली. ‘माझ्याकडे सांगण्यासारखे काय आहे’ या संकोचापोटी न लिहिले जाणारे प्रस्ताव केवळ जाहीर आवाहनाने येत नाहीत, तेथे कोणीतरी नाव घेऊन विचारावे लागते, हे या अनुभवाने दाखवून दिले.

फॉसडेमची रचना अगदी वेगळी आहे. ब्रुसेल्सच्या मुक्त विद्यापीठाच्या आवारात फेब्रुवारीच्या सुरुवातीला शनिवार-रविवारी भरणाऱ्या या मेळाव्याला प्रवेश विनामूल्य असून नोंदणीही करावी लागत नाही. त्यात विषयवार खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीचे व्यवस्थापक आपापले आवाहन काढतात, त्यामुळे प्रस्ताव कोणत्या खोलीकडे पाठवायचा हा पहिला निर्णय ठरतो. पोस्टग्रेस या डेटाबेसवरचे काम डेटाबेसवाल्यांपुढे मांडायचे की ते ज्या भाषेतून वापरले त्या भाषेच्या खोलीत, यावर त्याचे स्वागत पुष्कळ अवलंबून असते.

प्रस्ताव स्वीकारला गेला तरी मानधन सहसा मिळत नाही. पायकॉन यूएसमध्ये वक्त्यांनीही प्रवेशशुल्क भरण्याची परंपरा आहे, आणि ज्यांना ते किंवा प्रवासखर्च परवडत नाही त्यांच्यासाठी अर्थसाहाय्याचा वेगळा अर्ज असतो. हा अर्ज करण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु त्याची मुदत प्रस्तावाच्या मुदतीहून निराळी असू शकते, आणि परदेशी परिषदेसाठी व्हिसाचा वेळही धरावा लागतो. भारतातून पाठवलेल्या प्रस्तावांबाबत हे विशेष जपावे लागते.

महाराष्ट्रात ही रीत प्रथम महाविद्यालयांच्या आवारात वाढली. पुण्यात सिंबायोसिसच्या संगणक अभ्यास संस्थेतील ‘ग्नुनिफाय’ या मुक्त स्रोत मेळाव्याने विद्यार्थ्यांना मुक्त स्रोताच्या कामावर बोलण्याची सवय लावली, फेडोरा या लिनक्सप्रणालीच्या समुदायाची ‘फुडकॉन’ परिषद २०११ व २०१५ मध्ये पुण्यात झाली, मुंबईत आयआयटीच्या ‘फॉसी’ या, शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या प्रकल्पाने वैज्ञानिक संगणनासाठीची सायपाय इंडिया परिषद चालवली. वर्डकॅम्प मुंबई, पुणे व नाशिक येथे भरले असून २०२६ च्या वर्डकॅम्प एशियासाठी मुंबईची निवड झाली. प्रस्ताव आणि भाषणे बव्हंशी इंग्रजीतच असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या तंत्रज्ञाला त्यामुळे विषय पक्का असूनही लिहिताना अडचण येते, आणि परीक्षकाने भाषेची सफाई व विचाराची सफाई यांत गल्लत न करणे ही त्याची जबाबदारी आहे. लेखन करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२३ च्या सुमारास सर्वांच्या हाती आल्यापासून ही जबाबदारी वाढली आहे, कारण गुळगुळीत भाषेचे मोघम प्रस्ताव तयार करणे सोपे झाले आहे. स्वतः केलेल्या कामातला नेमका तपशील, जसे वर दिलेल्या उदाहरणातील कॅशेची ओळ, अशा वेळी भाषेपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो.

नाकारला गेलेला प्रस्ताव बहुधा अन्यत्र उपयोगी पडतो. जागा मोजक्या असल्याने चांगले प्रस्तावही वगळावे लागतात, आणि काही प्रस्ताव प्रतीक्षायादीत राहून आयत्या वेळी एखादा वक्ता गळाल्यावर कार्यक्रमात येतात. शहरातल्या मासिक मीटअपला लांब मुदतीचा प्रस्ताव लागत नाही. संयोजकाला कळवून पुढच्या बैठकीत तोच विषय मांडता येतो. परिषदेतच पाच मिनिटांच्या ‘लाइटनिंग टॉक’चे सत्र असते. पर्लच्या २००० सालच्या परिषदेतून पसरलेल्या या प्रकारासाठी अनेक ठिकाणी त्याच दिवशी सकाळी फलकावर आपले नाव व विषय लिहिला की पुरते.