उपग्रहाला दिवा नसतो

रात्री आकाशात सरकणारा ठिपका दिसला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘तो बघ उपग्रहाचा दिवा!’ वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे. आपल्याला दिसतं ते त्याच्या अंगावर पडलेलं ऊन. खाली अंधार पडला, तरी सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सूर्य अजून मावळलेला नसतो. म्हणून ते तिन्हीसांजेनंतर किंवा पहाटे दिसतं, ऐन मध्यरात्री सहसा नाही.

संध्याकाळी एकदा त्याच्यावर नजर खिळवून ठेवा. चार-पाच मिनिटं ते संथ सरकतं, आणि क्षितिज गाठण्याआधीच, ढगाचा मागमूस नसताना, तांबूस होत काही सेकंदांत विझतं. पृथ्वीच्या सावलीत शिरतं ते! मला तो क्षण सगळ्यात सुंदर वाटतो.

लाल-पांढरे दिवे ठरावीक लयीत लुकलुकत असतील, तर ते विमान. निकामी उपग्रह गरगर फिरताना मधूनच चमकतो, पण तीही उन्हाचीच तिरीप.

आणि १९५७ साली लोकांनी ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह म्हणून जे पाहिलं, ते बहुतेक वेळा त्याला वर नेणारं रॉकेट होतं. ५८ सेंटिमीटरचा तो गोळा नुसत्या डोळ्यांना दिसणं फार अवघड.