हेडलाइट फडफडतो, पण बल्ब बहुधा निर्दोष असतो

हेडलाइट फडफडायला लागला की बहुतेक जण आधी बल्ब बदलतात. नवा बल्ब बसवताना कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरचा सॉकेट) निघतो, पुन्हा दाबून लावला जातो, दिवा आठ-पंधरा दिवस नीट चालतो आणि दोष बल्बचाच होता अशी खात्री पटते. मग एखाद्या खड्ड्यावर फडफड पुन्हा सुरू होते. हॅलोजन बल्ब गेला की सहसा कायमचाच जातो. तुटलेली तार हादऱ्याने टेकून अधूनमधून पेटते असेही होते, पण क्वचित. फडफडीचे मूळ बहुतेक वेळा जोडांमध्ये असते.

म्हणून हत्यार हातात घेण्याआधी फडफडीची चाल नीट बघा. एकच दिवा फडफडतो का दोन्ही? खड्ड्यावर, का ॲक्सिलरेटर दाबल्यावर? एकच दिवा हादऱ्याने फडफडत असेल, तर त्या बाजूचा कपलर किंवा अर्थ (करंट परत नेणारा, गाडीच्या पत्र्याला जोडलेला जोड) संशयित. दोन्ही दिवे इंजिनाच्या वेगाबरोबर कमी-जास्त होत असतील, तर बॅटरीचे टर्मिनल, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र) किंवा त्याला फिरवणारा पट्टा तपासायला हवा.

यात सर्वांत फसवा दोष अर्थचा. दिव्यातून गेलेला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परततो, आणि पत्र्याला वायर जोडणारा बोल्ट पावसाचे पाणी, चिखल झेलत बसलेला असतो. कोकणात खारी हवा त्यात भर घालते. तांब्यावर हिरवट कळंक चढतो, लोखंडावर गंज. हे थर वीज नीट वाहू देत नाहीत.

एवढ्याशा थराने काय बिघडते? 12 व्होल्टवर 55 वॅटचा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर करंट घेतो. जोडात अर्धा ओहम जरी रोध आला, तरी दोनेक व्होल्ट तिथेच खर्च होतात. बल्बच्या वाट्याला उरतात दहा. उजेड मात्र व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो, त्यामुळे व्होल्टेज सहाव्या भागाने उतरले की उजेड जवळजवळ निम्मा होतो आणि पिवळट पडतो. हरवलेल्या दोन व्होल्टची उष्णता होते, सात-आठ वॅट, तीही टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत. जोड तापतो, तापल्याने आणखी गंजतो, गंजल्याने आणखी तापतो. कपलरचे प्लॅस्टिक तपकिरी पडते ते यामुळेच. 60/55 वॅटच्या (हाय/लो बीम) जागी 100/90 वॅटचे बल्ब घालणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की हे करू नका. करंट 1.67 पट झाला की जोडावरची उष्णता जवळपास पावणेतीनपट होते, आणि कंपनीची वायरिंग त्यासाठी बनवलेलीच नसते.

तपासताना मल्टिमीटर ओहमवर ठेवून बघू नका. मीटर त्या वेळी अगदी क्षीण करंट सोडतो. वायरचे बाकीचे धागे तुटून दोनच शाबूत असले, तरी मीटर 'ठीक' दाखवतो. सायकल पार झाली म्हणून पूल ट्रकला पेलेलच असे नसते. वजन टाकूनच बघावे लागते. इंजिन बंद ठेवून दिवे लावा, कपलर बल्बवरच राहू द्या, मीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे कपलरच्या मागून बल्बच्या अर्थच्या पिनला लावा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा. तो एक-दीड आला, तर चोर सापडला. मग तसेच बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लस पिनपर्यंत मोजा. वाटेत फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि स्विच असल्याने अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. काही जपानी गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे हे आकडे उलटे धरा. मोजताना वायर हळूच हलवा. आकडा ज्या जागी उडी मारतो, तिथेच दोष.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीचा मायनस आधी काढा आणि जोडताना शेवटी लावा. अर्थचा बोल्ट, बहुधा 10 नंबरचा, सोडवून खालचा रंग आणि गंज पॉलिशपेपरने घासून धातू चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. करपलेला कपलर घासत बसू नका, बदला. सिरॅमिकचा बाजारात मिळतो. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. त्वचेचे तेल लागलेला भाग जास्त तापतो आणि काच तडकू शकते. काम झाल्यावर तेच मोजमाप पुन्हा घ्या.

दोन्ही दिव्यांचा दोष असेल, तर इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. मीटर एसीवर टाकल्यावर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो. हे काम गॅरेजचे. चालू गाडीत बॅटरीचे टर्मिनल काढून अल्टरनेटर बघायची जुनी पद्धत मात्र कुणालाही वापरू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज कित्येक पटींनी उसळते आणि गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो.

एलईडीची गोष्ट निराळी. हॅलोजनची तापलेली तार क्षणार्धात थंड होत नाही, त्यामुळे वीज बारीक-बारीक तुटली तरी उजेड टिकतो. एलईडी लगेच विझतो. काही नव्या गाड्या वीज मुळातच तुकड्या-तुकड्यांत सोडतात. तिथे हॅलोजनच्या जागी एलईडी बसवला की वायरिंग धडधाकट असूनही दिवा फडफडतो, आणि त्या गाडीला जुळणारा डीकोडर (तुकड्यांतली वीज सलग करणारा जोडभाग) बसवावा लागतो. कंपनीतूनच आलेला एलईडी फक्त मोबाईलच्या व्हिडिओत लुकलुकत असेल, डोळ्यांना स्थिर दिसत असेल, तर त्यात बिघाड नाही. त्याच्या पेटण्या-विझण्याचा वेग कॅमेऱ्याच्या वेगाशी जुळत नाही, एवढेच.